थीम पार्कचा वर्षाचा पास: आठ महिने, अकरा चकरा, आणि कुलपाची गोष्ट

पार्कचं नाव लिहीत नाही, उगाच कटकट नको. गेल्या दिवाळीच्या ऑफरमध्ये चौघांचा वर्षाचा पास काढला, मी, बायको, सात वर्षांची लेक आणि आई. आईचा पास कशाला असं सगळ्यांनीच विचारलं, पण ती म्हणाली मी बाकावर बसून माणसं बघीन, आणि खरंच आमच्यात पास सगळ्यात जास्त तिनेच वसूल केला.

आधी माझी बाजू सांगतो म्हणजे पुढचं वाचताना चष्मा कुठला ते कळेल. मी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, चौदा वर्षं झाली. त्यामुळे राईडवर बसलो की पोरं ओरडतात आणि मी बेअरिंग ऐकत असतो. बायको म्हणते तुला कुठेही न्या, तू ड्युटीवरच. असू दे.

पहिली चकर दिवाळीच्या सुट्टीतच मारली, हा शुद्ध मूर्खपणा. पार्किंगपासून गेटपर्यंत पाऊण तास. पास असला की वेगळी लाईन मिळेल असं वाटलेलं, तर वेगळी लाईन होती पण ती दहा पावलांवर परत मुख्य लाईनलाच येऊन मिळत होती, म्हणजे आपल्याकडे टोलनाक्यावर होतं तसं. आत काउंटरवर फोटो काढून पास ॲक्टिव्हेट करायचा, तिथे सर्व्हर डाऊन. ॲपमध्ये दिसतोय हो, म्हणलं, तर "सर ॲपमध्ये दिसतोय पण सिस्टीममध्ये नाहीये". हे वाक्य मी आता ऑफिसात वापरतो. शिवाय पास चालत नाही असे दिवस असतात, नाताळ ते एक जानेवारी आणि अजून काही, ते खाली बारीक अक्षरात असतं. ते मी वाचलं नव्हतं, माझी चूक. पैशाचं एवढंच सांगतो की यावर १८ टक्के जीएसटी लागतो, जानेवारी २०१८ पर्यंत तर २८ होता, तेव्हा जाहिरातीतला आकडा बघून हिशोब करू नका, आणि पार्किंग, लॉकर, जेवण वेगळं.

आता सिक्युरिटी. मेटल डिटेक्टर, बॅग स्कॅन, मग टेबलावर बॅग उघडून. टेबलावर शोधतात काय, तर खाणं. संक्रांतीनंतरच्या रविवारी आईने गूळपोळ्या आणलेल्या, स्टीलच्या डब्यात, वर तुपाची छोटी बरणी. सिक्युरिटीवाल्या ताईंनी डबा उघडला आणि म्हणाल्या, "आजी, बाहेरचं आत चालत नाही." आई म्हणाली, "हे बाहेरचं नाही, घरचं आहे." मागची लाईन हसली. ताईपण हसल्या पण डबा काही सोडला नाही. मग आईने त्यांच्याच हातावर एक पोळी ठेवली आणि आम्ही क्लोकरूमच्या पायरीवर बसून सकाळी साडेदहाला सहा पोळ्या संपवल्या, तुपासकट. आईला डायबेटिस आहे, तिची गोळी झाली की वेळेवर काहीतरी पोटात जावं लागतं, आत वडापाव घ्यायलासुद्धा वीस मिनिटं लाईन. पुढच्या वेळी डॉक्टरची चिठ्ठी नेली, तर बिस्किटं आणि फळं बिनबोभाट सोडली. म्हणजे सोय आहे, पण कुठे लिहिलेली नाही, विचारणाऱ्यालाच मिळते. लहान बाळाचं खाणं सोडतात. पाण्याची एक बाटली सोडतात, आत कूलर आहेत, पाणी गार असतं. सिनेमागृहांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटलंय की बाहेरचं खाणं अडवायचा हक्क मालकाला आहे पण प्यायचं पाणी फुकट द्या आणि बाळाचं खाणं अडवू नका. तो निकाल थिएटरचा आहे, पार्कचा नाही, तरी इथे साधारण तसंच चालतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. गेटवर चिवड्याच्या पुडीसाठी एवढी झडती, आणि मोठ्या रोलर कोस्टरच्या प्लॅटफॉर्मवर खिशातला मोबाईल कुणी बघत नव्हतं! धोका कशाने आहे? डिसेंबरात माझ्या पुढच्या गाडीतल्या एका पोराचा मोबाईल उलट्या वळणात खिशातून सटकला. खाली जाळी आहे म्हणून तिथे अडकला, नाहीतर खालून चालणाऱ्याच्या टाळक्यात. त्या पोराला मोबाईल गेल्याचं दुःख, मला घाम. ऑपरेटरला बोललो, तो म्हणाला बोर्ड लावलाय ना सर. बोर्ड होता, खरंय, खांबाच्या मागे. मग मी ॲपमधून तक्रार टाकली, उत्तर आलं ते छापील, पण मार्चमध्ये गेलो तर प्लॅटफॉर्मवर बसायच्या आधी कप्पे लावलेले, मोबाईल, चष्मा, टोपी सगळं तिथे ठेवल्याशिवाय फाटक उघडत नाही. माझ्या तक्रारीने झालं असं मी म्हणत नाही, पण बायकोला मात्र तसंच सांगितलंय.

राईडच्या देखभालीबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, सेफ आहे का म्हणून. अहमदाबादला कांकरियाला जुलै २०१९ मध्ये लोलकासारखी झुलणारी राईड चालू असताना मधूनच तुटून खाली आली, दोन माणसं गेली. तो व्हिडिओ ज्याने बघितलाय तो तसल्या राईडवर डोळे मिटूनच बसतो. मी पहिले दोन महिने त्या प्रकारच्या राईडला हातच लावला नाही, नुसता बाजूला उभा राहून ऐकायचो. आवाज एकसारखा येतो का, थांबताना झटका बसतो का, बोल्टच्या डोक्यावर रंगाची रेघ मारलीये का. ती रेघ बोल्ट आवळल्यावर डोक्यावरून खालच्या पत्र्यावर अशी आरपार मारतात, बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली लांबून दिसते. इथे रेघा होत्या, आणि ताज्या होत्या. तिसऱ्या महिन्यात बसलो.

पण मला खात्री पटली ती वेगळ्याच ठिकाणी. फेब्रुवारीत एका मंगळवारी रजा टाकून एकटाच गेलो, गर्दी नाही, बऱ्याच राईड बंद. मागच्या कुंपणातून बघितलं तर एक पोरगा गोल फिरणाऱ्या राईडच्या पोटात शिरून ग्रीस भरत होता, आणि बाहेर पॅनलच्या मेन स्विचला लाल कुलूप, त्याला त्याच्या फोटोचा टॅग. चावी त्याच्या कमरेला. आमच्याकडे कारखान्यात हा नियम आहे, मशीनमध्ये हात घालणाऱ्याने स्विच बंद करून आपलं कुलूप लावायचं आणि चावी कुणालाही द्यायची नाही, म्हणजे बाहेरून कुणी चुकून चालू करूच शकत नाही. नियम सगळीकडे असतो हो, पण गिऱ्हाईक बघत नसताना मंगळवारी दुपारी तो पाळला जातोय हे बघून बरं वाटलं. थांबून बोललो. आयटीआय फिटर, बोलण्यावरून साताऱ्याकडचा. म्हणाला सकाळी साडेसहाला येतो, कोस्टरचा अख्खा ट्रॅक चालत बघायचा, वेल्डिंग, बोल्ट, चाकं, मग रिकामी गाडी तीन वेळा सोडायची, मग सही, मग गेट उघडतं. चाकांबद्दल विचारलं तर खूश होऊन सांगायला लागला. कोस्टरची गाडी रुळावर नुसती ठेवलेली नसते, एक चाक वरून, एक बाजूने आणि एक रुळाच्या खालून असतं, त्यामुळे उलटी झाली तरी ती रूळ सोडू शकत नाही. चाकांवर पॉलीयुरेथेनचा, म्हणजे रबरासारख्या चिवट प्लास्टिकचा थर असतो, तो उन्हाळ्यात लवकर झिजतो आणि सोलायला लागतो, तेव्हा मे महिन्यात त्यांना मरणाचं काम. चढावर जे टक टक टक ऐकू येतं ना, ते गाडीखालचं खटकं रुळामधल्या दात्यांवर पडल्याचा आवाज, गाडी वर ओढणारी साखळी तुटली तरी गाडी मागे येत नाही. "तो आवाज बंद झाला तर घाबरा सर," म्हणाला.

हे ज्ञान मेमध्ये कामाला आलं. चढाच्या मध्यावर गाडी थांबली. आवाज थांबला, म्हणजे गाडी थांबल्यावर थांबणारच, पण त्या क्षणाला माझ्या पोटात गोळा आला हे कबूल करतो. पुढच्या सीटवरची बाई देवाचा धावा करायला लागली, मागे कुणीतरी "पैसे परत करा" ओरडलं, उन्हात वीसेक मिनिटं, सीटवर आपल्याला धरून ठेवणारा लोखंडी बार तापलेला. माझ्या शेजारच्या अनोळखी काकांना मी दाते-खटक्याचं सगळं समजावलं, ते म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण उतरवणार कधी?" शेवटी दोन माणसं पट्टे अडकवून बाजूच्या जिन्याने वर आली, एकेकाचा बार हाताने उघडून, एकेकाला धरून खाली. घाई नाही, आरडाओरडा नाही. खाली लिंबू सरबत आणि एका राईडचं लाईन चुकवायचं कूपन. कारण विचारलं तर पुढचा सेन्सर गाडी पुढे गेल्याचं दाखवत नव्हता, त्यामुळे मागची गाडी यंत्रणेने आपोआप जागेवर धरली. म्हणजे बिघडलं ते सेन्सरचं, आणि यंत्रणेने जे करायला पाहिजे तेच केलं. लोकांनी मात्र व्हिडिओ टाकला, "जीवघेणी राईड". मी उलट म्हणेन, जी राईड कधीच थांबत नाही तिच्यावर मी बसणार नाही. जत्रेतला आकाशपाळणा कधी थांबलेला बघितलाय? खाली लाकडी ठोकळे सारून दोन दिवसांत उभा करतात आणि रात्री बारापर्यंत गरगर चालू.

सगळं गोड नाही. एका रविवारी गर्दीत ऑपरेटर बार तपासताना नुसता बोट दाखवत गेला, हात लावलाच नाही. नियम असा की प्रत्येकाचा बार खाली दाबायचा आणि मग वर ओढून बघायचा, ओढणं महत्त्वाचं. मी हात वर करून "भाऊ, ओढून बघा" म्हणलं तर लाईन माझ्याकडे येड्यासारखी बघायला लागली. त्याने परत येऊन तपासलं, जरा रागानेच. तुम्हीही म्हणत जा, लाजू नका. आणि उंचीच्या पट्ट्या! दोन राईडच्या पट्ट्यांमध्ये सरळ दोन सेंटिमीटरचा फरक. लेक ऑक्टोबरात ११५ होती, मोठ्या कोस्टरला १२० लागतात. मेमध्ये एका पट्टीवर १२०, दुसरीवर ११८, तीही बूट घालून. ऑपरेटरने सोडली नाही, ती रडली, मी मनातल्या मनात ऑपरेटरला शाबासकी दिली आणि तोंडाने "बघू हं" म्हणालो. नंतर माझ्या मेझरिंग टेपने मोजलं (हो, बॅगेत असतो, तो मात्र सिक्युरिटीने कधी अडवला नाही), दुसरी पट्टी बरोबर, पहिली खाली सरकलेली. सांगितलं, जूनमध्ये गेलो तेव्हा दुरुस्त केलेली होती.

वॉटर पार्कचं थोडक्यात. नायलॉनच्या कपड्यांची सक्ती आहे, लोक भांडतात, पण सुती कपड्याचे धागे सुटून फिल्टरमध्ये जातात, ते बरोबरच आहे. भाड्याचे कपडे मात्र घेऊ नका, मी एकदा घेतले, विषय संपला. मेच्या रविवारी लाटांच्या तलावाला क्लोरीनचा भपका येत होता. लोकांना वाटतं क्लोरीन जास्त टाकलंय म्हणजे पाणी स्वच्छ, ते उलटं असतं, घाम आणि नको ते पाण्यात मिसळून क्लोरीनशी संयोग झाला की तो वास येतो. आम्ही त्या दिवशी उतरलोच नाही, आईसोबत बाकावर बसून माणसं बघितली. तिचं बरोबर आहे, मजा येते.

आता जी गोष्ट मला सगळ्यात खटकली. त्याच फेब्रुवारीतल्या मंगळवारी गेटच्या आत एक कुटुंब भेटलं, लातूरहून ट्रॅव्हलर करून आलेले, तेरा माणसं, रात्रभर प्रवास. आत आल्यावर कळलं की दोन्ही मोठे कोस्टर आणि अजून पाच राईड मेंटेनन्सला बंद. तिकीट पूर्ण. त्यातले आजोबा शांतपणे विचारत होते, "मग बाहेर सांगायचं ना बाळा." काउंटरवरची मुलगी काय बोलणार. मी मेंटेनन्सवाला आहे, राईड बंद ठेवून काम करतात याचं मला कौतुकच आहे, आणि गर्दी नसलेल्या दिवशीच ते करायचं हेही बरोबर. मग लपवायचं कशाला? आज काय बंद आहे याची यादी त्यांच्याकडे सकाळी सहीसकट तयार असते, तो फिटर पोरगा मला सांगून गेला. तीच यादी तिकिटाच्या खिडकीवर चिकटवायला एक कागद लागतो. वेबसाईटवर "काही राईड बंद असू शकतात" एवढंच वाक्य, ते तर मीही माझ्या कारखान्याबद्दल लिहू शकतो. त्या लोकांना मी ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ नंबर दिला, पुढे काय झालं माहीत नाही.

पास पुढच्या वर्षी घेऊ का? परवा रिन्यूअलचा फोन आला, वीस टक्के सूट. म्हणलं घेतो, पण आधी सांगा, उद्या कुठल्या राईड बंद आहेत? मुलगी म्हणाली होल्डवर ठेवते सर. चार मिनिटं ते संगीत ऐकलं, मग फोन कट झाला. आईने तेवढ्यात तिचा विचार सांगून टाकला, ती तिच्या पैशाने घेणार आहे.