26 आठवडे, पूर्ण पगार: ईएसआयचा प्रसूती लाभ गोव्यातल्या कामगार बाईला किती पुरतो?

वेर्ण्याच्या औषध कंपन्यांतलं पॅकिंग, काजू कारखान्यांतलं फोडणं-सोलणं, कळंगुट-कोलव्याच्या हॉटेलांतलं हाउसकीपिंग. या कामांवर बायका मोठ्या संख्येनं आहेत. कामाच्या जागी दहा किंवा जास्त माणसं असली आणि पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असला, की ईएसआय (राज्य कामगार विमा योजना) लागू होतो. बहुतेकींना त्यातला दवाखाना आणि मडगावचं ईएसआय हॉस्पिटल तेवढं ठाऊक असतं. पण कमी पगाराच्या बाईसाठी या योजनेतली सगळ्यात भक्कम गोष्ट आहे प्रसूती लाभ. इथं तोच तपासला आहे.

आधी पैशांचं. पगार 18,000 असेल तर बाईच्या पगारातून 0.75 टक्के, म्हणजे 135 रुपये, वर्गणी म्हणून कापले जातात. मालक 3.25 टक्के, म्हणजे 585 रुपये भरतो. शेजारच्या टेबलावर तेवढ्याच पगाराचा पुरुष असला तरी मालकाला 585च भरावे लागतात. बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली की तिचा पगार मालक देत नाही, कामगार विमा महामंडळ देतं, आणि तोही थेट तिच्या बँक खात्यात. त्यामुळे मुलाखतीत ‘लग्न झालंय का, मूल कधी?’ असं विचारून बाईला बाजूला सारणाऱ्याला खर्चाची सबब सांगता येत नाही. या एका गोष्टीसाठी योजनेच्या आखणीला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

मिळतं काय? पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवडे, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. दोन मुलं हयात असताना पुढच्या वेळी 12 आठवडे. गर्भपात झाल्यास सहा आठवडे. गरोदरपणातून किंवा बाळंतपणातून आजारपण आलं तर वर एक महिना. दर सरासरी दैनिक पगाराच्या शंभर टक्के. 18,000 च्या पगारावर 182 दिवसांचे साधारण 1,08,000 रुपये होतात.

अट 70 दिवसांच्या वर्गणीची. वर्षाचे दोन वर्गणी काळ असतात: 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. पहिल्या काळाचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, दुसऱ्याचा जुलै ते डिसेंबरमध्ये. प्रसूती ज्या लाभ काळात येते, त्याच्या लगतच्या दोन वर्गणी काळांत मिळून 70 दिवस भरले पाहिजेत. हॉटेलात सीझनपुरतं काम करणाऱ्या बाईला ‘दोन काळ मिळून’ ही सवलत फार मोलाची आहे. ऑक्टोबर ते मार्च काम केलं आणि पावसाळ्यात घरी बसावं लागलं, तरी पुढच्या जानेवारी ते जूनमधल्या बाळंतपणासाठी ते दिवस धरले जातात. ‘सीझन संपला, ईएसआय संपला’ असं कुणी म्हणालं म्हणून अर्ज करायचं सोडू नका.

अर्ज सरळ आहे. ईएसआय दवाखान्यात नोंदणी करून डॉक्टरांकडून 17 नंबरचा फॉर्म घ्यायचा. गरोदरपणाचा, अपेक्षित तारखेचा किंवा प्रसूतीचा दाखला त्याच फॉर्मवर मिळतो. प्रत्यक्ष दावा 19 नंबरच्या फॉर्मवर, आणि तो ईएसआयच्या संकेतस्थळावर विमाधारकाच्या लॉगिनमधून ऑनलाइनही करता येतो. 19 नंबरवर सही म्हणजे त्या दिवसांत पगारी काम केलं नाही, हे लिहून देणं. म्हणून रजेत ‘दोन दिवस येऊन स्टॉक मोजून जा’ असं बोलावणं आलं तर जाऊ नये, त्या दिवसांचा लाभ जातो. या काळात कामावरून काढणंही बेकायदा आहे.

मग अडतं कुठे? बहुतेक वेळा हजेरी आणि पगाराच्या नोंदीत. सगळ्यात मोठं नुकसान रोखीच्या पगारानं होतं. हातात 18,000 येतात, पण कागदावर 12,000 आणि उरलेले 6,000 पाकिटातून. तेव्हा बाईचे महिन्याला 45 रुपये वाचल्यासारखे दिसतात आणि बाळंतपणात 1,08,000 ऐवजी 72,000 हाती पडतात, म्हणजे 36,000 बुडाले. तेच काम करणाऱ्या पुरुषाला ‘ऑपरेटर’ आणि बाईला ‘हेल्पर’ लिहिलं असेल तर कमी पगाराचा फटका इथंही दुसऱ्यांदा बसतो. सारख्या कामाला सारखा पगार हा कायदा आहे, पदाचं नाव बदलून तो टळत नाही.

दुसरी अडचण ठेकेदाराची. विमा क्रमांक दहा आकडी असतो आणि नोकरी बदलली तरी जन्मभर तोच चालतो. ठेकेदार बदलला की नवा माणूस जुना क्रमांक न विचारता नवा काढतो, दिवस दोन क्रमांकांत वाटले जातात आणि 70 भरत नाहीत. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी जुना क्रमांक लिहून द्या. तिसरी अडचण नावाची: आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधार, बँक आणि ईएसआय या तिन्ही ठिकाणी ते एकसारखं करून घ्यायचं काम गरोदरपणाआधीच उरकावं.

मालकानं दर महिन्याची वर्गणी पुढच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. 20 च्या सुमारास लॉगिन करून दोनच आकडे बघायचे: किती दिवस दाखवले आणि किती पगार दाखवला. पगाराच्या चिठ्ठीशी जुळत नसेल तर चिठ्ठी आणि हजेरीचा फोटो घेऊन शाखा कार्यालयात किंवा पणजीला पाटोवरच्या पंचदीप भवनात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नियमात ‘भरलेली किंवा भरावयाची’ वर्गणी असे शब्द आहेत. म्हणजे मालकानं पैसे थकवले म्हणून बाईचा हक्क बुडत नाही. मात्र ती कामावर होती याचा पुरावा लागतो, तेव्हा चिठ्ठ्या फेकू नका.

योजनेची खरी उणीव 21,000 ची मर्यादा. ती 1 जानेवारी 2017 ला ठरली. पगार त्यावर गेला की 26 आठवडे कायद्यानं मिळतातच, पण ते पैसे मालकाच्या खिशातून जातात, आणि बाईला घ्यायचं की नाही हा हिशेब तिथूनच सुरू होतो. अनुभवानं वर चढलेली सुपरवायझर नेमकी इथंच सापडते. मर्यादा वाढायलाच हवी. तोवर एक तारीख लक्षात ठेवा. पगारवाढ 1 एप्रिलपासून लागून 21,000 ओलांडले, तर त्याच दिवशी तुम्ही योजनेबाहेर जाता. तीच वाढ 1 मेपासून लागली, तर 30 सप्टेंबरपर्यंत वर्गणी पूर्ण पगारावर चालू राहते आणि तिचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये घेता येतो.