कानाची क्लिप आणि माझे ६१,४००

आमवातावर इलाज म्हणून फोनवरून गळ्यात मारलेलं, कानाला क्लिप लावून नसेला वीज देणारं यंत्र: त्याचे ४८,५०० रुपये आणि वर ‘प्रोग्रॅमिंग’चे १२,९००. शिकलेला माणूस असून कसा फसलास, हे मला ऐकवू नका. आमवाताने आखडलेल्या बोटांत सकाळी ब्रश धरून बघा, मग बोलू.

आणि तो विकणारा बोलत होता ते सगळं काही खोटं नव्हतं. व्हेगस नस, म्हणजे मेंदूतून गळ्यामार्गे पोटापर्यंत जाणारी नस, शरीरातली सूज आवरते, हे अमेरिकी संशोधक केव्हिन ट्रेसी यांनी २००२ मध्येच मांडलंय. जुलै २०२५ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, आमवातासाठी नसेला विजेचे झटके देणारं यंत्र मंजूर केलं, तेही खरं. पण ते यंत्र ऑपरेशन करून गळ्यात, डाव्या व्हेगस नसेवर बसवतात! त्याने पाठवलेल्या कागदावरच्या चित्रात गळ्याचा छेद चक्क दिसत होता. मी विचारलंही. म्हणाला, ‘‘ते जुनं मॉडेल सर, आपलं बिनऑपरेशनचं, रिझल्ट तोच.’’ तिथेच फोन आपटायचा होता. चिडचिड होते ती त्या एका वाक्याची. कानाच्या क्लिपची आमवातावर चाचणी झालेली आहे, २०२३ मध्ये निकाल छापून आलाय: वीजच न देणाऱ्या खोट्या क्लिपपेक्षा फरक नाही. गळ्यातल्या यंत्राचीही जादू नाहीच. २४२ रुग्णांच्या चाचणीत १२ आठवड्यांनी बऱ्यापैकी आराम ३५ टक्क्यांना, आणि यंत्र बसवून चालूच न केलेल्यांपैकी २४ टक्क्यांना. विकणाऱ्याला एवढंच विचारा: चाचणी याच यंत्रावर झाली का?

पैसे परत मागितले तर म्हणे, ‘‘तुम्ही मेथोट्रेक्सेट बंद केलं नाहीत, गॅरंटी रद्द.’’ मेथोट्रेक्सेट म्हणजे आमवाताचं नेहमीचं औषध. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली? बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकला. ग्राहक तक्रार कक्षाने वैद्यकीय उपकरणवाल्यांकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, खोक्यावर ‘वैद्यकीय’ असं लिहिलंय का? नाही, ‘वेलनेस’ लिहिलंय. मग आमच्याकडे येत नाही! म्हणजे विकताना आजारावरचा इलाज आणि तक्रारीच्या वेळी खेळणं. अर्ज पुन्हा पहिल्याच टेबलावर, आणि तिथला बाबू मलाच विचारतो, एवढे पैसे दिलेतच कशाला?

खोकं, पावती, चॅट काही टाकू नका. फोनवरचं आश्वासन लेखी मागा. ‘प्रोग्रॅमिंग’चे पैसे वेगळे मागितले की समजा, ही पैसे उकळण्याची पहिली फेरी आहे. तीच जाहिरात आता सोरायसिसवाल्यांना दिसतेय, फक्त कंपनीचं नाव बदलून.