लेआउटवरचा रस्ता: ८४ मिमी की ६४?

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर (छोट्या गाड्यांच्या देखाव्यावर) एचओमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १/८७ मापात, रस्ता करायला घेतला की पहिला हिशोब सगळे तोच करतात, १२ फुटी लेन भागिले ८७ म्हणजे ४२ मिमी, दोन लेनचे ८४. मीही तसाच कापला, मधली पिवळी रेघ मारली, दोन पावलं मागे जाऊन बघितलं तर विमान उतरवता येईल असा प्रकार. माप बरोबरच होतं हो, पण स्टेशन, यार्ड, कारखाना सगळं आपण जागेअभावी आखडतो आणि एकटा रस्ता पूर्ण मापाचा, मग बाजूची घरं खेळण्यातली वाटायला लागतात.

तरी तो तसाच ठेवला होता काही महिने. उखडायला लावलं फाटकाने. रस्ता रुळांना ४५ अंशात तिरका छेदत होता, त्यामुळे रुळांच्या मधे भरायच्या फळ्या जवळजवळ १२० मिमी लांब झाल्या आणि एवढ्या लांबीत कुठेतरी केसभर वर येणारच, मग रूळ पुसायला गेलं की पुसायचा ब्लॉक तिथेच अडकतो, इंजिन हळू सोडलं की नेमकं तिथेच चाक उचलून रुळातून मिळणारा करंट तुटतो आणि गाडी फाटकातच उभी. घासलं, परत बसवलं, पुन्हा तेच. वर फाटकाचा दांडा जेमतेम अर्ध्या रस्त्यापर्यंत पोचायचा, ते वेगळंच.

मग ६४ केला, ३२ ची लेन. फळ्या ९० वर आल्या आणि कटकट माझ्यापुरती तरी संपली. बरं, हे माप अगदीच मनाचं नाही, १९२० च्या दशकात अमेरिकेत १८ फुटी काँक्रीटचे हायवे सर्रास होते आणि १८ फूट म्हणजे एचओमध्ये ६३ मिमीच. जुना काळ दाखवत असाल तर याला तडजोड तरी कसं म्हणायचं.

तोटा आहेच. कार २१ मिमीच्या आसपास, ती आरामात बसते, पण बस २९ ची, दोन बस समोरासमोर आल्या की आरशाला आरसा लागतो. मी एकच बस ठेवलीय आणि ती स्टॉपवर उभी. वळणावर मात्र लेन ४० केली, लांब ट्रकची मागची चाकं आतून कापतात ना.

आधुनिक शहर करायचं असेल, किंवा फॅलर या जर्मन मॉडेल कंपनीच्या कार सिस्टिमसारख्या रस्त्यावर खरंच चालत्या गाड्या, तर ८४ च बरा असं मलाही वाटतं. एन स्केलमध्ये (ते आणखी लहान, १/१६० माप) हाच फरक ४६ आणि ३५ चा, तिथे मी एवढं डोकं लावलं नसतं.

मागच्या भिंतीकडे जाणारा रस्ता तर मी ६४ वरून ५० पर्यंत निमुळता केलाय, मस्त लांब वाटतो. फक्त त्या टोकाला गाडी उभी करायची नाही, लगेच चोरी पकडली जाते.