मोहीम शैली की अल्पाइन शैली : उंच शिखरासाठी निवड करताना

पाच-सहा हजार मीटरच्या शिखरांवर जाणकारांच्या देखरेखीखाली चढाई करून झाल्यावर, सात हजार मीटरच्या आसपासचे शिखर स्वतःच्या जबाबदारीवर चढण्याचा विचार जेव्हा सुरू होतो, तेव्हा मार्ग ठरवण्याच्याही आधी पद्धत ठरवावी लागते. मोहीम शैलीत तळछावणीच्या वर टप्प्याटप्प्याने छावण्या उभ्या राहतात, अवघड भागांत दोर बांधून ठेवले जातात, सामानाच्या फेऱ्या होतात आणि सगळी तयारी झाल्यावर शेवटची चढाई होते. अल्पाइन शैलीत दोघे-तिघे तंबू, अन्न, इंधन आणि दोर पाठीवर घेऊन तळावरून निघतात आणि एकाच सलग चढाईत शिखर गाठून परततात. या दोहोंची तुलना बहुधा धाडस आणि शुद्धता यांच्या भाषेत केली जाते, आणि निर्णय घेणाऱ्याला तिचा फारसा उपयोग होत नाही. त्याने विचारावे ते इतकेच, की वर काही बिघडले तर खाली उतरण्याची सोय डोंगरावर आधीच करून ठेवलेली असेल, की ती आपल्या पाठीवर आणि आपल्या हातांत असेल?

मोहीम शैलीचे खरे बळ १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत स्पष्ट दिसते. २६ मे रोजी टॉम बोर्डिलन आणि चार्ल्स एव्हान्स माथ्याच्या थोडे खाली असलेल्या दक्षिण शिखरापर्यंत पोहोचले आणि तिथून मागे फिरले. तीन दिवसांनी, २९ मे रोजी, तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी माथ्यावर उभे राहिले. पहिली जोडी परतली तरी मोहीम संपली नव्हती, कारण खाली छावण्या होत्या, साठा होता आणि दुसरी जोडी तयार होती. माघार घेतल्याने सगळे हातचे जाणार नाही हे ठाऊक असले, की माणूस योग्य वेळी माघार घेतो. याशिवाय छावण्यांमधील चढ-उतारामुळे शरीर विरळ हवेला हळूहळू सरावते. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हा सर्वमान्य नियम या पद्धतीत फारसा त्रास न होता पाळला जातो.

या सोयीची किंमत मात्र आहे, आणि ती अनेकदा दुसऱ्याच कोणीतरी मोजलेली असते. छावण्या भरायच्या म्हणजे त्याच धोक्याच्या जागेतून पुन्हा पुन्हा जावे लागते. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरील खुंबू हिमप्रपातात बर्फ कोसळून जे १६ जण मृत्युमुखी पडले, ते इतरांच्या चढाईसाठी काम करणारे कामगार होते. म्हणून मोहीम शैली निवडणाऱ्याने नकाशावर धोक्याची ठिकाणे दाखवून प्रत्येक ठिकाणाहून एकूण किती फेऱ्या होतील आणि त्या कोण करणार, हे आधी लिहून काढावे. तो आकडा मनाला पटत नसेल, तर मार्ग बदलावा किंवा छावण्या कमी कराव्यात.

दुसरा धोका बांधलेल्या दोरावर विसंबण्याचा आहे. १ ऑगस्ट २००८ रोजी के-टूवर बॉटलनेक घळीच्या वरचा बर्फाचा कडा कोसळला, दोर तुटून गेले आणि वर असलेले अनेक गिर्यारोहक अंधारात उतरण्याच्या साधनाविना अडकले; त्या दुर्घटनेत एकूण ११ जणांचा बळी गेला. तेव्हा दोर बांधलेले असले तरी प्रत्येक चमूकडे स्वतःचा एक हलका दोर आणि प्रत्येकाकडे रॅपलचे, म्हणजे दोरावरून खाली उतरण्याचे, उपकरण असलेच पाहिजे. जुन्या हंगामातील दोर ऊन आणि दगडांनी निकामी झालेले असतात, त्यांच्यावर भार टाकू नये. जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) लावून चढताना अँकर (दोर डोंगराला पक्का बांधलेली जागा) ओलांडायचा असेल, तर आधी सुरक्षा-दोरीचा कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) अँकरच्या पलीकडे अडकवावा, मगच जुमार काढावा. थकलेल्या हातांनी आणि जाड हातमोज्यांत हा क्रम चुकू नये, इतका तो अंगवळणी पडलेला हवा.

अल्पाइन शैली या दोन्ही धोक्यांतून बरीचशी सुटते. १९७५ च्या ऑगस्टमध्ये राइनहोल्ड मेस्नर आणि पीटर हाबेलर या दोघांनीच गाशेरब्रुम-१ चढून दाखवले आणि आठ हजार मीटरवरील शिखरही या पद्धतीने गाठता येते हे सिद्ध झाले. धोकादायक भागातून एकदा वर आणि एकदा खाली एवढाच प्रवास होतो, आणि तोही वेगाने. पण हा वेग आयता मिळत नाही. शरीराला सराव देण्याचे काम शेजारच्या सोप्या शिखरावर किंवा त्याच डोंगराच्या सोप्या बाजूने आधीच उरकावे लागते. ते न करता सरळ मुख्य चढाईला लागणे म्हणजे दोघांपैकी एकाला भिंतीच्या मध्यावर आजारी पडू देणे होय. टाच आणि बोटे जुळवत सरळ रेषेत चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर सकाळची वाट पाहू नये, लगेच उतरावे. डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही उंचीवरील आजाराची औषधे डॉक्टरांकडून समजून घेऊन जवळ ठेवावीत, पण ती उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात, उतरण्याची जागा घेत नाहीत.

आणि इथेच दोन्ही पद्धतींतील सर्वांत मोठा फरक समोर येतो. १९७७ मध्ये काराकोरममधील ओगर शिखरावरून उतरताना पहिल्याच रॅपलमध्ये डग स्कॉट यांचे दोन्ही पाय मोडले, पुढे ख्रिस बॉनिंग्टन यांच्या बरगड्याही मोडल्या. स्कॉट गुडघ्यांवर रांगत अनेक दिवसांनी तळावर पोहोचू शकले, त्यामागे खालच्या मुक्कामावर मो अँथोइन आणि क्लाइव्ह रोलंड हे दोघे होते, ज्यांनी वादळात वाट तुडवली आणि दोर लावले. हेच दोघे नसते तर काय झाले असते, हा विचार दोघांच्याच चमूने जाणाऱ्याने पुरता करावा. हिमभेगांच्या प्रदेशात दोघांच्या दोरावर एक जण पडला, की उरलेल्या एकट्याने त्याचा भार पेलत अँकर करायचा आणि कप्पीची मांडणी करून त्याला वर काढायचे असते. म्हणून दोघांतील अंतर जास्त ठेवावे आणि मधल्या दोरावर अडकणाऱ्या गाठी माराव्यात. शक्य असेल तिथे मी तिघांचा चमू सुचवेन, चाल थोडी मंदावली तरी.

सामानाबद्दल थोडक्यात : अल्पाइन शैलीत कपात अन्नात करता येते, इंधनात नाही, कारण पिण्याचे सगळे पाणी बर्फ वितळवूनच मिळते आणि गॅस संपला की तहानेने दोन दिवसांत शक्ती जाते.

दोन्हींच्या मध्ये एक समंजस वाटही आहे. १९५७ मध्ये मार्कुस श्मुक, फ्रिट्झ विंटरस्टेलर, हेर्मान बुल आणि कुर्ट डीमबर्गर या चौघांनी उंचावरील हमालांशिवाय आणि पूरक प्राणवायूशिवाय, स्वतः सामान वाहून ब्रॉड पीकवर छावण्या लावल्या आणि शिखर गाठले. पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर जाणाऱ्या चार-पाच जणांच्या चमूला मी हाच नमुना सुचवतो : एक किंवा दोन छावण्या, दोर फक्त सर्वांत अवघड टप्प्यावर आणि तेही उतरताना काढून आणायचे. लांबलचक, सौम्य उताराच्या आणि हवामान झपाट्याने बदलणाऱ्या शिखरावर मोहीम शैलीकडे झुकावे. मार्ग उभा आणि थेट असून वरून बर्फ कोसळण्याची भीती असेल, तर कमी वेळ डोंगरावर राहणे हेच संरक्षण ठरते.

अल्पाइन शैली निवडण्यापूर्वी जोडीदारासह एका छोट्या बर्फाळ भिंतीवर ही चाचणी द्यावी. रात्री, हातमोजे घालून, हेडलॅम्पच्या उजेडात बर्फात तिरपी भोके पाडून, त्यांतून दोरी ओवून अबालाकोव्ह अँकर करावा, दोराच्या दोन्ही टोकांना गाठी माराव्यात, प्रूसिकचा (भार येताच दोरावर आवळणाऱ्या गाठीचा) आधार घेऊन उतरावे, दोर खेचून घ्यावा आणि हे सलग अनेकदा करावे. दोघांनाही एकमेकांना न विचारता हे जमत नसेल, तर या हंगामात छावण्यांची पद्धत स्वीकारावी.