सिलिकॉनचा ब्रेस्ट फॉर्म ११ महिने वापरल्यानंतर: लोकल, घाम आणि पावसाळ्यासकट

कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढायचं ऑपरेशन गेल्या वर्षी जूनमध्ये झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, सप्टेंबरमध्ये रेडिएशन संपलं आणि नोव्हेंबरपासून मी सिलिकॉनचा फॉर्म, म्हणजे ब्राच्या आत घालायचा कृत्रिम स्तन, वापरतेय. म्हणजे थंडी, मे महिना आणि अख्खा पावसाळा असं सगळं त्याच्यावरून गेलंय. राहते डोंबिवलीला, ऑफिस फोर्टला, रोज सकाळची फास्ट. हे मुद्दाम सांगतेय कारण घरात दोन तास घालून बघणं वेगळं आणि सकाळी साडेसातला घातलेला फॉर्म रात्री आठला काढणं वेगळं, आणि मला जे काही कळलं ते सगळं त्या रात्रीच्या आठ वाजता कळलंय.

पहिली चूक मी खरेदीतच केली. दादरच्या एका दुकानात गेले, एकटीच गेले, तिथल्या बाईंनी जुन्या ब्राचा साइज विचारला, त्याप्रमाणे एक पीस काढून दिला, मी आरशात बघितलं, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या आणि इतके महिने न दिसलेलं ते दिसल्यावर मला रडूच आलं, लगेच पैसे दिले आणि निघाले. पाच मिनिटांचं काम. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला तर ४८० ग्रॅम. आठवड्याभरात डावा खांदा इतका दुखायला लागला की संध्याकाळी पर्ससुद्धा उजव्या हातात घ्यावी लागायची, आणि ब्राच्या पट्ट्याचा वळ खांद्यावर सकाळपर्यंत राहायचा. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूच्या खांद्यावर असा पट्टा रुतणं बरं नाही, हातावर सूज यायची भीती असते, हे मला फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं, दुकानात कोणी विचारलंही नव्हतं.

वजनच नको म्हणून मग कापसाचं पॅड लावायचं का, तर तेही नाही. सुरुवातीला टाके ओले असताना, ड्रेनची (जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळीची) जागा भरत असताना मऊ हलकं पॅडच लावायचं असतं, वजनाचा फॉर्म साधारण सहा ते आठ आठवड्यांनी आणि रेडिएशन झालं असेल तर कातडी पूर्ण बरी झाल्यावर डॉक्टरांना विचारूनच. पण कायम हलकंच वापरलं तर त्या बाजूची ब्रा वर वर सरकते, आपण नकळत तो खांदा पुढे ओढून चालायला लागतो आणि मान आखडते. माझं तसं झालं होतं, गेल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टचे माझे फोटो बघितले तर मी सगळ्यांत एका बाजूला वाकलेली आहे. म्हणजे वजन हवंच, फक्त आपल्याला दिवसभर पेलेल एवढंच हवं.

दुसरा फॉर्म मी जानेवारीत घेतला आणि तोच आज वापरतेय. हा वजनाला हलका प्रकार, ३५० ग्रॅम, सिलिकॉनच पण आत वेगळं मिश्रण असतं त्यामुळे त्याच आकाराचा नेहमीचा फॉर्म याहून बराच जड भरतो. साडेआठ हजार गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या अंगाला बसला तो तुमच्या अंगाला बसेलच असं नाही, आणि नाव वाचून ऑनलाइन मागवाल तर माझीच चूक पुन्हा कराल.

यावेळी मात्र जाऊबाईंना सोबत नेलं आणि तासभर घालवला. काय काय बघितलं ते सविस्तर लिहिते. आकार तीन-चार प्रकारचे असतात, त्रिकोणी, थेंबासारखा, आणि डाव्या-उजव्या बाजूसाठी वेगवेगळे ज्यांचा एक कोपरा काखेकडे लांबत जातो. माझी काखेजवळची जागा खोलगट झालीये, तिथे त्रिकोणी फॉर्म घातला की वरच्या बाजूला ब्लाउजमध्ये खळगा पडायचा, म्हणून मला डाव्या बाजूचाच लागला. ज्यांचा थोडाच भाग काढलाय त्यांच्यासाठी वाटीसारखा पातळ फॉर्म पण मिळतो, तो वरून बसवायचा. मग मी नेहमीचं कॉटनचं फिट ब्लाउज आणि त्यावर साडी नेसून बघितली, ड्रेस घालून बघितला, वाकून चपलेचा पट्टा लावला, मांडी घालून खाली बसले, आणि दोन्ही हात वर करून लोकलचं हँडल धरल्यासारखी उभी राहिले. जाऊबाई बाजूने बघत होत्या. "वहिनी, हात वर केलात की डावीकडचं वर राहतंय, उजवं खाली येतंय," असं त्यांनी सांगितलं म्हणून ब्राचा खालचा पट्टा एक साइज बदलला आणि ते बरोबर झालं. आरशात समोरून हे दिसलंच नसतं. दुकानातल्या ताईही चांगल्या होत्या, त्यांनी अर्धा तास तसंच घालून बसायला सांगितलं, चहा पण मागवला.

ब्रा हा अर्धा विषय आहे खरं तर. फॉर्म कितीही चांगला घ्या, ब्रा चुकली की सगळं वाया. पूर्ण कप, रुंद पट्टा, खाली चांगली दोन बोटं रुंद इलॅस्टिक, आणि तार अजिबात नको. पॉकेटवाल्या ब्रा तयार मिळतात पण महाग पडतात आणि मुंबईत एका ब्रावर भागत नाही, पावसाळ्यात मला चार लागल्या. दोन तयार घेतल्या आणि दोन साध्या कॉटनच्या ब्रांना आमच्या इथल्या टेलरताईंकडून आतून मलमलचा खिसा शिवून घेतला, एकाचे साठ रुपये घेतले. त्यांना सांगताना सुरुवातीला जीभ अडखळली, पण त्यांनी मान वर न करता विचारलं, "खिशाचं तोंड काखेच्या बाजूला ठेवू की मधे?" आणि मग आम्ही दोघी फक्त खिशाबद्दलच बोललो. (काखेच्या बाजूला ठेवा. मधे ठेवलं की वाकल्यावर फॉर्म बाहेर डोकावतो.) नंतर त्यांच्याकडूनच ब्लाउजपण बदलून घेतले, गळा एक इंच वर आणि डाव्या मुंढ्यात थोडं सैल.

आता त्रासाचं लिहिते, कारण मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ऑपरेशननंतर छातीची ती बाजू आणि दंडाची आतली बाजू बऱ्याच जणींची बधिर असते, माझी अजूनही आहे. त्यामुळे तिथे काही घासलं, चावलं, तरी कळत नाही. मार्चच्या शेवटी उकाडा सुरू झाला, मी रोज बारा-तेरा तास फॉर्म घालत होते आणि मला वाटत होतं किती छान सवय झाली, काहीच टोचत नाही. एका रात्री ब्रावर पिवळसर डाग दिसला, आरशात हात वर करून बघितलं तर खालच्या कडेला व्रणाजवळ लाल रेघ आणि तिच्या टोकाला फुटलेला फोड. दुखलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवलं, मलम दिलं आणि बारा दिवस फॉर्म बंद. रेडिएशन झालेली कातडी भरायला वेळ घेते. तेव्हापासून रोज रात्री फॉर्म काढल्यावर दिव्याखाली आरशात बघते, हात वर करून, खालची घडी उचलून, आणि आठवड्यातून एकदा मुलीला बघायला सांगते. ती सतरा वर्षांची आहे, पहिल्यांदा तिला दाखवताना माझेच हात थरथरत होते, ती मात्र टॉर्च धरून नीट बघते आणि "आई, आज काही नाही" म्हणते.

त्या बारा दिवसांत उपयोगी पडला विणलेला फॉर्म. साइशा इंडिया फाउंडेशन म्हणून संस्था आहे, त्यांच्या स्वयंसेवक बायका सुती दोऱ्याने हे विणतात आणि ऑपरेशन झालेल्या बायकांना मोफत देतात. हाताला इतकं मऊ लागतं, आणि कोणा अनोळखी बाईने माझ्यासाठी एक एक टाका घातलाय हे मनात येतंच. कापसासारखं भरलेलं असतं त्यामुळे हलकं, हवेशीर, धुता येतं. अडचण एकच, वजन नसल्यामुळे गर्दीत दबून वर सरकतं, दादरला उतरून एकदा नीट करावं लागायचं. त्यावर मी दोन गोष्टी केल्या. ब्राच्या खिशात खाली एक टिचबटण लावलं आणि त्याचा दुसरा भाग फॉर्मला शिवला, आणि फॉर्मच्या आत काचेच्या मण्यांची छोटी पिशवी घट्ट शिवून ठेवली. आता रविवारी आणि घरी असताना हाच घालते. मण्यांच्या जागी सासूबाईंनी सुरुवातीला मोहरीची पिशवी शिवून दिली होती, "घालून बघ गं, काखेत टोचतंय का सांग" म्हणत तीनदा उसवून परत शिवली. अंदाज इतका बरोबर की वजन जवळजवळ खरं वाटायचं. पण मोहरी धुता येत नाही आणि जुलैत तिला कुबट वास यायला लागला म्हणून ठेवून द्यावी लागली.

मे महिन्यात सिलिकॉन अंगाच्या उष्णतेने तापतं आणि मागे घाम साचतो, याला पूर्ण इलाज नाही हे मान्य करूनच घ्या. मला जे जमलं ते असं: फॉर्मवर सुती कव्हर असतं तशी दोन जादा शिवून घेतली, ऑफिसमध्ये दुपारी बाथरूममध्ये जाऊन फॉर्म काढते, अंग कोरड्या रुमालाने टिपते, कव्हर बदलते, पाच मिनिटं लागतात. आमच्या बाथरूममध्ये ठेवायला जागा नाही म्हणून पर्समध्ये एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवते, आत स्वच्छ नॅपकिन. आणि पावडर लावू नका. घामोळ्यांसाठी आपल्याला सवय असते, पण पावडर आणि घाम मिळून लगदा होतो आणि तोच घासतो. परफ्यूम, डिओ, तेलकट क्रीम हेही फॉर्मच्या वरच्या पातळ आवरणाला चांगलं नाही, लावायचंच तर रात्री फॉर्म काढल्यावर.

धुण्याचं फार काही नाही. रोज रात्री साध्या किंवा कोमट पाण्याने, लहान बाळाच्या साबणाने, हातानेच, चोळायचं नाही, पिळायचं तर नाहीच. टॉवेलवर ठेवून टिपायचं आणि पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं. उन्हात नाही. मग ज्या डब्यात आला त्याच डब्यातल्या खळग्यात ठेवायचा, कुठल्याही कपाटात उभा-आडवा टाकला तर आकाराला घडी पडते. पावसाळ्यात मी पंख्याचा वेळ दुप्पट केला, कारण दमट असताना डबा बंद केला की सकाळी वास. ब्रा मशीनला लावायची असेल तर हुक बंद करून जाळीच्या पिशवीत, आणि फॉर्म आधी काढलाय ना हे दोनदा बघून.

आणि पिना. आपल्याकडच्या बायकांना हे स्वतंत्र सांगायला हवं, कारण आपल्या बांगडीत एक पिन, मंगळसूत्रात एक पिन, पदराला डाव्या खांद्यावर एक पिन, आणि माझा फॉर्मही डावीकडेच. गौरीच्या दिवशी नऊवारीवर तो पहिला जड फॉर्म बरा बसतो म्हणून तो घातला, घाईत पदर लावताना पिन निसटली असणार, संध्याकाळी आरतीनंतर ब्लाउजला आतून काहीतरी चिकट लागलं. बारीक भोक, त्यातून जेल येत होतं. जेल पाण्यासारखं वाहत नाही, मधासारखं हळू येतं, त्यामुळे तेवढ्यापुरती वैद्यकीय चिकटपट्टी लावून दिवस निघाला, पण फॉर्म गेला तो गेलाच, पिनेच्या भोकाला वॉरंटी लागू नाही. आता मी पदराच्या सगळ्या पिना आधी लावते, बांगडीतली पिन काढून पर्सच्या कप्प्यात ठेवते, आणि घरात मांजर असेल तर डबा तिच्या वाऱ्यालाही ठेवू नका. गर्दीत पर्स छातीशी धरायची सवय पण मोडली, आता पोटाशी धरते, छातीशी धरली की मागच्या रेट्याने फॉर्मची कड बरगडीवर दाबली जाते आणि बधिर जागेवर ते कळत नाही.

सिलिकॉनचा फॉर्म साधारण दोन-तीन वर्षं टिकतो म्हणतात, माझ्या हलक्या फॉर्मला जानेवारीत एक वर्ष होईल, अजून कड उचललेली नाही, आवरणाला सुरकुती नाही. माझं वजन मात्र किमोनंतर चार किलो वाढलंय आणि उजवी बाजू थोडी भरली, त्यामुळे घट्ट कुर्त्यात फरक दिसायला लागलाय. पुढच्या महिन्यात परत जाऊन माप घेणार आहे, जाऊबाईंनी रजा टाकून ठेवलीय. तुम्ही पहिल्यांदा जात असाल तर तुमचं सगळ्यात जास्त वापरातलं ब्लाउज किंवा कुर्ता सोबत न्या, आणि सकाळी नका जाऊ, संध्याकाळी जा, अंग थकलेलं असतं तेव्हा खांदा खरं सांगतो.