पहिलं मॉडेल रॉकेट किट: फिन बाल्साचे की प्लॅस्टिकचे?

पहिलं किट घेताना बरेच जण आधी बॉक्सवर लिहिलेली उंची बघतात, हे हजार फूट जातं, ते बाराशे, मग तेच घेऊया. पण उंची मुख्यतः मोटरवर (रॉकेटला वर ढकलणारी, इंधन भरलेली छोटी नळी) ठरते आणि मोटर तर प्रत्येक उड्डाणाला नवीनच घालायची असते, त्यामुळे किट निवडताना खरं बघायचं ते शेपटीकडे: फिन, म्हणजे शेपटीचे पंख, बाल्सा या हलक्या लाकडाचे आहेत आणि एकेक करून स्वतः चिकटवायचे आहेत, की प्लॅस्टिकचा तयार एकसंध तुकडा आहे जो नळीच्या टोकाला एकदाच चिकटवून बसवायचा.

या फरकासाठी एस्टेस या किट बनवणाऱ्या कंपनीची अल्फा आणि अल्फा ३ ही जोडी बघा. दोन्हींत साधारण २५ मिमी जाडीची कागदी नळी, ३ फिन, पॅराशूट आणि १८ मिमीची मोटर, फक्त अल्फाचे फिन बाल्साचे आणि अल्फा ३ चे प्लॅस्टिकचे.

प्लॅस्टिकवालं तास-दोन तासात तयार होतं. फिन आपोआप सरळ आणि सारख्या अंतरावर येतात, त्यामुळे पहिलंच उड्डाण वाकडं जायची भीती फार कमी. सोबत आठ-नऊ वर्षांचं मूल असेल आणि आज बांधून आजच उडवायचं असेल तर हेच घ्या, गोंद वाळायची वाट बघत बसलं की मुलांचा उत्साह मावळतो.

बाल्साला दोन-तीन संध्याकाळी लागतात, त्यातला बराचसा वेळ गोंद वाळण्यात जातो, पण हाताला कळतं ते इथेच. फिनच्या पुढच्या कडेला समांतर लाकडाची रेघ (तंतूंची दिशा) आली पाहिजे. किटमधे फिन आधीच कापून येतात म्हणून आपण तिकडे बघत नाही, पण पुढे कधी स्वतः फिन कापलात आणि रेघ नळीला समांतर गेली तर तो फिन पहिल्याच लँडिंगला बुडापासून मोडणार, कारण बाल्सा रेघेवरच फुटतं. मग सँडपेपरने पुढची कड गोल करायची, मागची निमुळती करायची, नळीला चिकटणारी कड मात्र सपाटच ठेवायची. नळीवर फिनच्या उभ्या रेषा मारायला दाराच्या चौकटीची खाच वापरा, नळी खाचेत धरली की पेन्सिल सरळच चालते. चिकटवताना साधा लाकडाचा गोंद फिनला लावायचा, नळीवर टेकवून काढून घ्यायचा, दोन-तीन मिनिटं सुकू द्यायचा आणि मग परत थोडा गोंद लावून कायमचा बसवायचा, असा जोड इतका घट्ट होतो की ओढून काढायला गेलं तर नळीचा कागद आधी सोलून निघतो. नंतर दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यात बोटाने गोंदाची बारीक पट्टी फिरवायची. हे काम मला अजूनही सगळ्यात आवडतं.

आता टिकाऊपणा. प्लॅस्टिक म्हणजे मजबूत असं मलाही वाटायचं. माझं प्लॅस्टिकवालं एकदा कडक जमिनीवर आपटलं, एका फिनला बुडाशी तडा गेला, चिकटवून बघितलं पण टिकलं नाही, आणि तो अख्खा तुकडा नळीला कायमचा चिकटलेला त्यामुळे बदलताही येईना. बाल्साचा फिन निघाला तेव्हा मैदानातच परत चिकटवला, चांगला वाळू दिला आणि त्याच दुपारी रॉकेट पुन्हा वर गेलं. माझं मत तिथेच पक्कं झालं.

बाल्सात एक जबाबदारी मात्र येते. मागच्या बाजूला गोंद आणि रंग जास्त झाला की गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि तो हवेच्या दाबाच्या केंद्रापेक्षा (हवेचा सगळा दाब जिथे एकवटतो ती जागा) निदान एक नळीच्या जाडीइतका पुढे हवा, नाहीतर रॉकेट हवेत कोलांट्या मारतं. तपासायला मोटर आणि पॅराशूट आत घालून रॉकेट जिथे समतोल राहतं तिथे दोरा बांधा आणि डोक्यावर गोल फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक, नाहीतर नाकात थोडी चिकणमाती भरा.

उडवण्याची पद्धत दोन्हींची एकच. मोटर कारखान्यात बनलेलीच वापरायची, स्वतः दारू ठासायची नाही, १९५४ मधे ऑर्व्हिल कार्लाइल या बूट विकणाऱ्या माणसाने आपल्या भावासोबत पहिलं असं रॉकेट आणि मोटर बनवली, आणि घरी दारू ठासण्याला सुरक्षित पर्याय म्हणूनच हा छंद पुढे वाढला. मोटरवरचा कोड वाचायला शिका: ए८-३ मधे ए म्हणजे एकूण ताकद, प्रत्येक पुढच्या अक्षराला कमाल ताकद दुप्पट, ८ म्हणजे सरासरी जोर न्यूटनमधे, ३ म्हणजे इंधन संपल्यावर पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सेकंद. पहिल्या उड्डाणाला ए८-३ च, सी६-५ चा मोह नको, ए ला ३० मीटरचं मैदान पुरतं पण सी ला १२० मीटर लागतं. वॅडिंग (मोटर आणि पॅराशूटच्या मधे घालायचा सहज न जळणारा कागद) विसरलात तर पॅराशूट वितळून गोळा होईल. डी पर्यंतच्या मोटरला ५ मीटर लांब उभं राहायचं, आणि पेटली नाही तर आधी लाँचरची सेफ्टी की काढायची, मग ६० सेकंद थांबून जवळ जायचं.

तर मूल लहान आणि हाताशी एकच रविवार असेल तर प्लॅस्टिक. तुम्ही स्वतः शिकणार असाल, किंवा मूल दहा-बारा वर्षांचं असून सँडपेपर घेऊन बसायला तयार असेल, तर बाल्साच घ्या, आणि रंगकामासाठी पहिलं उड्डाण लांबवू नका, आधी तसंच कोरं उडवा.