पाणी, फिरकी की चुंबक? कोड्याच्या जिओकॅशसाठी डबा निवडताना

जिओकॅश म्हणजे जीपीएसच्या खुणेवरून शोधायचा लपवलेला डबा; सापडला की आतल्या वहीत, म्हणजे लॉगबुकात, नाव लिहायचं. कोड्याच्या जिओकॅशमध्ये डबा उघडायलाही युक्ती लागते. त्यात तीन आकडी कुलपाचा डबा आधीच बाद करा. ००० ते ९९९ मिळून हजारच आकडे. एकेकाला दोन सेकंद धरले तरी ३३ मिनिटांत कुणीही कोडं न सोडवता कुलूप उघडतं. उरले घरी करता येणारे तीन प्रकार. जागा सह्याद्रीत किंवा कोकणात असेल तर गंमत कशात जास्त हे नंतर. पावसाळ्याचे चार महिने तुम्ही तिकडे फिरकला नाहीत तर कोणता डबा चालू राहील, ते आधी बघा.

पाण्याची नळी सगळ्यात टिकाऊ. ५० मिमी पीव्हीसी पाइप, ६० सेंमी लांब, खाली सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवलेली एंड कॅप, आत झाकणबंद प्रीफॉर्ममध्ये (फुगवून बाटली करण्याआधीची जाड प्लॅस्टिकची छोटी नळी) लॉगबुक. पाइपमध्ये साधारण एक लिटर पाणी ओतलं की प्रीफॉर्म तरंगत वर येतो. लॉगबुकसकट तो तरंगतो का, हे आधी बादलीत पाहून घ्या. पाणी वर चढायला बोटांनी बुजवावी लागतील अशी ८ मिमीची भोकं बाजूला पाडायची. इथे बरेच जण चुकतात: हौसेने आठ भोकं पाडतात, पण एकटा माणूस एका हाताने पाणी ओतणार, म्हणजे बुजवायला एकच हात. एकट्यासाठी चार पुरेत आणि तीही एका पंजाच्या टप्प्यात. आठ म्हणजे जोडीनेच यायचं. कॅपच्या तळाला अगदी खालच्या बिंदूवर २ मिमीचं एक भोक हवंच, नाहीतर साचलेल्या पाण्यात डास होतात. त्यातून मिनिटाला फार तर अर्ध्या लिटरच्या आत पाणी जातं. तेच ५ मिमीचं केलंत तर दोन लिटरच्या वर जाईल आणि बाटली रिकामी होऊनही प्रीफॉर्म खालीच राहील. वरचं झाकण चिकटवू नका, नुसतं बसवा; उघड्या पाइपात पालापाचोळा अडकतो. पाइप खांबाला क्लॅम्पने बांधा, झाडाला खिळे ठोकू नका. जवळ ओढा किंवा नळ नसेल तर मात्र हा प्रकार नको. एप्रिलच्या उन्हात प्यायचं पाणी कोण ओतणार?

तिथे फिरकीचा डबा. झाकणाखाली चौकोनी ठोकळा, तो डब्याच्या तोंडात बसतो. चारही बाजूंनी आडव्या पिना अर्ध्या ठोकळ्यात, अर्ध्या भिंतीत. डबा एका बाजूला कलंडवला की तिकडची पिन सुटते, पण समोरची आणखी आत घुसते. सपाट जागी ठेवून गरकन फिरवला तरच चारही बाहेर जातात. ठोकळा बसवून, शिकंज्यात आवळून, भिंत आणि ठोकळा एकदमच ड्रिल करा. वेगवेगळी भोकं पाडली तर ती जुळत नाहीत. ६ मिमी जाडीच्या, २५ मिमी लांबीच्या पिनेला ७ मिमीचं भोक, ठोकळ्यात १० मिमी आणि भिंतीत मोकळी ३० मिमी जागा. बाहेरचं तोंड आखूड स्क्रूने बंद करा. पिन अडकली तर तोच स्क्रू काढून ती ओढता येते. खिळे वापरू नका: गंजतात, शिवाय बाहेरून लोहचुंबक लावून सरकवता येतात. पितळ घ्या. आणि लाकूड नकोच, जूनमध्ये फुगून पिना आवळतं. जाड प्लॅस्टिकचे चॉपिंग बोर्ड एकावर एक स्क्रूने जोडले की काम भागतं. एक रविवार मात्र जातोच.

चुंबकाचा भुलभुलैया दिसायला सुरेख: पारदर्शक ॲक्रिलिकआड लोखंडी चकती लावलेली कुपी, बाहेरून चुंबकाने वाट काढत आणायची. पण दोरीला बांधलेला चुंबक कुणीतरी नेतो, आणि निओडायमियमच्या चुंबकावरचा निकेलचा मुलामा उडाला की खाऱ्या हवेत तो फुगून भुगा होतो. इपॉक्सीत बुडवून वापरा. ॲक्रिलिक ३ मिमी ठीक, ६ मिमीला पकड सुटते. महिन्याला फेरी मारायची तयारी असेल तरच हा करा.

यांपैकी काहीही केलंत तरी बाहेर ठळक अक्षरांत ‘जिओकॅश’ आणि ‘आत फक्त वही आहे’ असं मराठीत लिहा. दोन्ही टोकांना झाकण असलेला पीव्हीसी पाइप बघून, बॉम्ब समजून गावकरी पोलिसांना बोलावू शकतात, म्हणून नळीवर तर हे लिहाच.